शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णाला पुण्याहून पंढरपूरला न्यायचंय, तयारी कशी करावी?

अबोली_कोथरूड

घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या आमच्या गटाकडे एक विनंती आली आहे. लहान मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या संस्था 18 वर्षांपर्यंतच बघतात. मोठ्या माणसासाठी सगळं आपणच जुळवायचं, म्हणून इथे विचारते.

रुग्ण 72 वर्षांचे, जुने वारकरी. फुप्फुसाचा कॅन्सर, मणक्यात आणि डाव्या खुब्यात पसरलेला. केमो थांबवून सहा आठवडे झाले. मॉर्फिनची 10 मिलीग्रॅमची गोळी दर चार तासांनी, रात्री झोपताना दोन. ऑक्सिजन मिनिटाला 2 लिटर, जवळजवळ दिवसभर. टेकून तास-दीड तास बसतात. लघवीला नळी नाही.

इच्छा एकच: विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायचं.

मुलाचं म्हणणं, महिनाभरात थोडी ताकद येऊ दे, मग मोठी बस करून भावकीतली पंधरा माणसं घेऊन जाऊ. गाडी कोणती, ऑक्सिजन किती, देवळात कसं जमेल आणि वाटेत काही बरंवाईट झालं तर काय करायचं? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं.

---

साधी_परिचारिका

आधी तारखेचं. बाकीचं सगळं तिच्यामागून येतं.

"ताकद आल्यावर जाऊ" हे या टप्प्यावर चालत नाही, कारण ताकद येणार नसते. गेल्या काही आठवड्यांत उतरण कशी आहे ते घरच्यांना विचारा. महिन्यागणिक फरक दिसत असेल तर हातात बहुधा महिने आहेत. आठवड्यागणिक दिसत असेल तर आठवडे, आणि कालच्यापेक्षा आज कमी असं रोजच होत असेल तर दिवस. हा ढोबळ अंदाज आहे, पण तारीख ठरवायला पुरतो. तुमच्या वर्णनावरून मी येत्या आठ-दहा दिवसांतली तारीख धरीन. दिवसागणिक उतरण असेल तर प्रवासच नको, खाली कुणीतरी दुसरा मार्ग सांगेलच.

तारीख पक्की करण्याआधी मणक्याची चौकशी करा. पायात नव्याने अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी अडकणं, बसलं की पाठीत असह्य कळ आणि आडवं झालं की आराम, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. अशा वेळी खड्ड्यातला एक दणका माणसाला कायमचा अंथरुणाला खिळवू शकतो. खुब्याच्या हाडाचा ताजा एक्स-रेही दाखवून घ्या. हाड पोखरलेलं असेल तर उचलताना मोडतं. दुखऱ्या हाडाला किरणांचा शेक (रेडिएशन) द्यायचं ठरत असेल (बहुतेक वेळा एकाच बैठकीत 8 ग्रे, म्हणजे किरणांची तेवढी मात्रा, देतात), तर त्याचा आराम पडायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं. म्हणजे एकतर शेकाआधी जा, नाहीतर आराम पडेपर्यंत थांबा. शेक देऊन तिसऱ्या दिवशी गाडीत बसवणं सगळ्यात वाईट.

आता औषधं. हे सगळं त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, स्वतःच्या मनाने नाही.

दिवसभराचं मॉर्फिन 60 मिलीग्रॅम असेल तर मध्येच उसळणाऱ्या दुखण्यासाठीचा जादा डोस साधारण त्याचा सहावा भाग, म्हणजे 10. गोळी चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून ती दुखायला लागल्यावर न देता गाडीत चढवण्याआधी 40 मिनिटं द्या आणि देवळात उचलाउचल सुरू होण्याआधी तेवढ्याच अंतराने पुन्हा. लोक ठरलेला चार तासांचा डोस प्रवासात "झोप येईल" म्हणून पुढे ढकलतात आणि ऐन दर्शनाच्या वेळी माणूस कळवळत असतो. तो डोस चुकवायचा नाही. मात्र हाका मारूनही नीट जागे होत नाहीत, श्वास मिनिटाला आठच्या खाली आलाय, असं दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन.

दुसरी हमखास चूक पाण्याची. वाटेत लघवीला उतरवावं लागू नये म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. शरीर सुकलं की मूत्रपिंडातून मॉर्फिनचे अंश बाहेर पडत नाहीत, साठतात, आणि माणूस बरळायला लागतो, हातपाय उडायला लागतात. मग सगळे म्हणतात प्रवास सोसला नाही. घोट घोट पाणी चालू ठेवा, लघवीचं भांडं आणि डायपर बरोबर घ्या. पोट साफ होण्याचं औषधही त्याच भीतीने बंद करू नका. फक्त त्याची वेळ अशी बसवा की निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पोट मोकळं होईल.

केमो थांबून सहा आठवडे झालेत, त्यामुळे पांढऱ्या पेशींची काळजी कमी. तरी हिमोग्लोबिन बघून घ्या. रक्त चढवायचं असेल तर निघण्याच्या दोन दिवस आधी. भूक आणि उमेद थोडी वाढावी म्हणून काही डॉक्टर चार-पाच दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. ते सकाळीच घ्यायचं, दुपारनंतर घेतलं तर रात्रभर टक्क जागे राहतात. मधुमेह असेल तर साखर उसळते, तीही मोजा.

---

गिअरबॉक्स

गाडी आणि ऑक्सिजनचं मी सांगतो.

बस नको. मागची चाकं आणि त्यावरचा दणका हे एक कारण. दुसरं असं की पंधरा माणसं म्हणजे पंधरा वेळा "बाबा, बरं आहे ना?" गाडीत रुग्णासोबत तिघे पुरेत: औषधं माहीत असलेलं एक, उचलायला एक आणि चालक. भावकीला यायचंच असेल तर त्यांनी वेगळ्या गाडीने तासभर आधी पोहोचावं.

कार्डिअॅक रुग्णवाहिका घ्यायचा मोह होतो. पण ते एक तास टेकून बसू शकत असतील तर मधली स्वतंत्र सीट मागे झुकणारी मोठी गाडी बरी पडते. रुग्णवाहिकेत स्ट्रेचर बहुधा मागच्या आसावर येतं, दणके थेट पाठीत बसतात आणि पाच तास माणसाला छताशिवाय काही दिसत नाही. वारकरी माणसाला रस्ता दिसला पाहिजे, गाव दिसलं पाहिजे. बसवतच नसेल तर रुग्णवाहिकाच घ्या, पण स्ट्रेचरवर चार इंची फोम टाका. 108 ही आणीबाणीची सेवा आहे, ती या कामाला मागू नये. वाटेत गरज पडली तर मात्र तोच नंबर.

ठरवलेल्या गाडीत, ठरवलेल्या सीटवर दोन दिवस आधी अर्धा तास शहरात फिरवून आणा. उशी कुठे हवी, पाय कुठे अडतो, नळी कुठे ताणली जाते, सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. मधे भोक असलेली हवेची गोल उशी घेऊ नका, तिच्या कडेवर दाब येऊन कातडी सोलते. साधा जाड फोम घ्या, आणि दर अर्ध्या तासाने काखेत हात घालून अर्धा मिनिट वजन उचला.

रस्ता: हडपसर, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, तिथून उजवीकडे पंढरपूर. एकूण साधारण 210 किलोमीटर. सासवड-जेजुरी-फलटणचा पालखी मार्ग त्यांच्या पायाखालचा, त्यांना तोच हवासा वाटेल, पण त्यात दिवेघाट येतो. सोलापूर हायवेला घाट नाही. वेग 60 च्या आत ठेवला आणि दोन थांबे घेतले तर पाच तास धरा.

ऑक्सिजनचं गणित सोपं आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले मीटरवरचा दाब (बारमध्ये), म्हणजे आतला वायू. बी टाइप सिलिंडर 10 लिटरचा, पूर्ण भरलेला 150 दाखवतो, म्हणजे 1500 लिटर. मिनिटाला 2 लिटरने साडेबारा तास. जाणं पाच, तिथे तीन, येणं पाच: 13 तास, म्हणजे 1560 लिटर. एक सिलिंडर काठावर नापास होतो. हिशेब येईल त्याच्या दुप्पट घ्यायचं, कारण धाप लागली की 2 चे 4 लिटर होतात आणि कोंडी झाली की पाचाचे सात तास होतात. म्हणजे दोन बी टाइप, आणि चाकाच्या खुर्चीला लावायला एक ए टाइप (5 लिटरचा, 750 लिटर वायू). मीटर 150 दाखवतोय हे भरून देणाऱ्याच्या दुकानातच बघा. "फुल आहे" म्हणून 100 चे हातात ठेवतात.

सिलिंडर पट्ट्याने बांधा. सुटा सिलिंडर ब्रेक लागला की पुढे येतो. घरचा 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र) मुक्कामाला न्या, गाडीतल्या बारीक सॉकेटवर तो चालत नाही, साधारण 350 वॅट ओढतो. आणि गाडीत ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी भरू नका. हेलकाव्याने ते नळीत येतं आणि नाकात जातं.

---

अबोली_कोथरूड

खूप उपयोगी. मुलाला तारखेचं पटवते. दोन शंका. एक, रेल्वेत कॅन्सर रुग्णाला सवलत असते, मग आगगाडीने का नको? दोन, त्यांना आजार कॅन्सरचा आहे एवढं माहीत आहे, पण उपचार थांबवलेत हे घरच्यांनी सांगितलेलं नाही. "बरे झालात की जाऊ" असंच बोलतात.

---

गिअरबॉक्स

रेल्वेची सवलत उपचाराला किंवा तपासणीला जाण्यासाठी आहे, देवदर्शनाला नाही. शिवाय कुर्डुवाडीला बदलाबदली, जिने, फलाटावरची वाट. हाडं पोखरलेल्या माणसाला नको.

---

रानजाई

दुसरी शंका खरं तर पहिली यायला हवी होती.

"बरे झालात की जाऊ" म्हणणाऱ्या घरात माणूस स्वतःची खरी इच्छा बोलूच शकत नाही, कारण बोलला तर सगळ्यांचं नाटक उघडं पडतं. बहुतेकांना मनातून कळलेलं असतं. म्हणून सांगण्याआधी विचारा. एकटे असताना, शेजारी बसून: "काका, तब्येतीबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मग गप्प बसा. खरोखर गप्प. पुढचा प्रश्न: "हे असंच उतरत गेलं तर काय राहून जाईल असं वाटतं?" ते "मला काही ऐकायचं नाही" म्हणाले तर तोही त्यांचा हक्क, रेटू नका. पण उपचार थांबवल्याचं डॉक्टरांनी, मुलाला सोबत घेऊन, त्यांच्याच शब्दांच्या मापाने सांगावं. अशा प्रवासाची जोखीम ज्याने घ्यायची त्यालाच ती ठाऊक नाही, हे बरोबर नाही.

विचारताना इच्छेच्या आत काय आहे तेही पाहा. पायांवर डोकं ठेवायचंय, का चंद्रभागा बघायचीय, का दिंडीतल्या सोबत्यांना शेवटचं भेटायचंय, का गळ्यातली माळ कुणाच्या तरी हवाली करायचीय? वरवर चारही इच्छा "पंढरपूर" या एकाच शब्दात बसतात. दिंडीतले लोक भेटायला हवे असतील तर ते पुण्यात, त्यांच्या अंगणात येऊन हरिपाठ म्हणू शकतात, आणि मग 210 किलोमीटर कुणासाठी, हे मुलाला विचारता येतं. पंधरा माणसांची बस ही मला मुलाची इच्छा वाटते. तीही खरी आहे, पण ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या मार्गाने पुरी करता येईल.

नेदरलँड्समध्ये केस फेल्डबूर नावाच्या रुग्णवाहिका चालकाने अशा रुग्णांना हव्या त्या जागी नेणारी संस्था काढली. त्यांच्या स्वयंसेवकांत चालक आणि परिचारिका असतात, आणि गाड्यांना रुग्णाला बाहेरचं दिसेल अशा खिडक्या. वर गिअरबॉक्स यांनी छताचं म्हटलं ते म्हणूनच पटलं. लोक तिथे समुद्र, संग्रहालय, आपलं जुनं घर असं काहीबाही मागतात. आपल्याकडे सर्वात जास्त वेळा ऐकू येणारी इच्छा म्हणजे "मला घरी घेऊन चला". तिला ना बस लागते ना फोटो.

फोटोवरून आठवलं. गटातल्या कुणीही त्यांना विचारल्याशिवाय व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही. हे आधी ठरवा, त्या दिवशी भावनेच्या भरात कुणाला भान राहत नाही.

---

वाळवंटातला_खडा

पंढरपुरातलं मी सांगतो.

दिवस: दोन्ही पक्षांतल्या एकादशा, दशमी-द्वादशी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांच्या आगेमागे आठवडाभर तर विचारही नको. आठवड्यातला मधला दिवस घ्या. दुपारी महानैवेद्य आणि संध्याकाळी पोशाख, धुपारती या वेळी दर्शन थांबतं, त्या खिंडीत सापडू नका. नेमक्या वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी मंदिर समितीच्या कार्यालयात फोन करा. गंभीर रुग्ण आहे, ऑक्सिजनवर आहे, चालता येत नाही, एवढं स्पष्ट सांगा. डॉक्टरांचं पत्र हातात ठेवा. कोणत्या दाराने यायचं आणि कुणाला भेटायचं हे विचारून माणसाचं नाव लिहून घ्या. दारावर जाऊन सांगू म्हणालात तर तिथल्या माणसाला काहीच माहीत नसतं. पैसे घेऊन "आत सोडतो" म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

पदस्पर्श आणि मुखदर्शन या वेगळ्या गोष्टी. पदस्पर्शाला गाभाऱ्यात जावं लागतं. गाभारा लहान, दमट, हवा कमी. चाकाची खुर्ची उंबऱ्यापर्यंतच धरा. पुढे दोघांनी उचलून नेणं आणि वाकवणं आलं. वाकणं हीच अडचण: मणक्यात आजार असलेल्या माणसाला कंबरेतून वाकवू नका. अंग सरळ ठेवून पुढे झुकवा, हात पायांना लावा, तो हात कपाळाला. हे घरी खुर्चीत बसवून एकदा करून बघा. आत सगळं मिळून मिनिटाच्या वर मिळत नाही, म्हणून कोण धरणार, कोण नळी सांभाळणार हे बाहेरच ठरवायचं.

ऑक्सिजन आणि आग: कापूर, निरांजन, उदबत्ती यांच्याजवळ नळी चालू ठेवून जाऊ नका. डॉक्टर म्हणाले की मिनिटभर चालेल, तर नळी काढून सिलिंडर बंद करून आत जा. नाहीतर मुखदर्शन घ्या. नाकाला व्हॅसलीन किंवा तेलकट मलम नको. बुक्का कपाळाला लावा, पण नाकासमोर उधळू देऊ नका, ठसका लागला तर थांबत नाही. चंद्रभागेचं पाणी पायावर शिंपडा, तीर्थ म्हणून पाजू नका. पात्रात चाकाची खुर्ची रुतते, घाटावरूनच बघा.

आणि आतलं नाहीच जमलं तर? रडारड नको. महाद्वाराशी नामदेव पायरी आहे, समोर चोखोबांची समाधी आहे. गर्दीत आत न जाता पायरीला हात लावून, कळसाला नमस्कार करून वारी पुरी करणारे हजारो आहेत. त्यांना हे तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फक्त "कळसाचं दर्शन झालं तरी चालेल ना?" हे निघण्याआधी विचारा. महाद्वारात पोचल्यावर विचारलं तर ते हरल्यासारखं वाटतं. पुण्याहून निघणंच शक्य झालं नाही तर समितीचं ऑनलाइन दर्शन आहे. काकड्याच्या वेळी लावा, शेजारी तुळस ठेवा, दिंडीतले दोघे बोलवा.

---

नोंदवही

कागद आणि "बरंवाईट".

बरोबर ठेवायचं: डॉक्टरांचं ताज्या तारखेचं पत्र (निदान, टप्पा, उपचार थांबवल्याची नोंद, चालू औषधं, त्यांचा फोन), मॉर्फिनची मूळ चिठ्ठी, गोळ्या मूळ पाकिटातच, दोघांचं आधार. मॉर्फिन हे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालचं औषध. 2014 च्या दुरुस्तीने ते उपचारासाठी मिळणं सोपं झालं, पण डबीत सुट्ट्या गोळ्या सापडल्या तर समजावत बसावं लागेल. औषधांचे दोन भाग करा, दोन वेगळ्या पिशव्यांत.

वाटेत जास्त झालं तर काय, हे निघण्याआधी रुग्ण, मुलगा आणि डॉक्टर यांनी बसून ठरवायचं: पुढे जायचं की मागे फिरायचं, व्हेंटिलेटर हवा की नको. त्यांना नको असेल तर लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने अशी इच्छा ग्राह्य धरली. जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. इंदापूर आणि पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयांचे फोन लिहून ठेवा.

मृत्यू वाटेत झाला तर घाबरून दिसेल त्या दवाखान्यात धावत नेलं की "आणण्यापूर्वीच मृत" अशी नोंद होते. तिथून पोलीस आणि कधी कधी शवविच्छेदन. आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. ज्यांनी आजारात उपचार केले त्यांना घरच्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला (नमुना 4 अ) देता येतो. चालत्या गाडीतल्या मृत्यूची माहिती गाडीच्या प्रमुखाने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी द्यायची असते, आणि नोंदणीची मुदत 21 दिवस. म्हणून डॉक्टरांचं ते पत्र पिशवीच्या तळाशी नको, चालकाच्या शेजारच्या कप्प्यात हवं.

---

साधी_परिचारिका

एक राहिलं. त्याच दिवशी परत येऊ नका. जाताना उत्साह वाहून नेतो, येताना तो नसतो आणि रात्रीच्या डोसाच्या वेळी गाडी भिगवणच्या आसपास असते. तळमजल्यावरची खोली घ्या, कमोड आहे का आणि वीज गेल्यावर काय सोय आहे ते विचारा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. घरी आल्यावर पुढचे दोन दिवस पाहुणे बंद.

---

अबोली_कोथरूड

मुलगा आणि डॉक्टर उद्या संध्याकाळी एकत्र बसताहेत, रानजाई यांचे प्रश्न लिहून दिलेत. एक्स-रे परवा. येता बुधवार धरलाय, एकादशी जवळ नाही हे बघितलं. डॉक्टरांनी नको म्हटलं तर अंगणातला हरिपाठ, त्यासाठी दिंडीतल्या दोघांशी आजच बोलून ठेवते. मुक्कामासह ऑक्सिजनचा हिशेब: गाडीतले 10 तास आणि तिथले 3, रात्री कॉन्सन्ट्रेटर. रात्री वीज गेली तर?

---

गिअरबॉक्स

म्हणून तिसरा बी टाइप घ्या. रात्रभर एकट्यावर निभतं. आणि सिलिंडर उघडायची चावी दोन घ्या, एक गाडीत, एक खुर्चीला सुतळीने बांधून.